‘निळी बस’ उडाली नाही, म्हणून काय झालं?

ताई, स. न. वि. वि.

मी नौपाड्यात राहतो, वय ७१. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टूल रूमला बावीस वर्षं काढली, १९९८ ला कंपनी बंद झाली. १९८६ साली एका छोट्या दिवाळी अंकात माझी एक विज्ञानकथा छापून आली होती, ‘निळी बस’. आयुष्यात छापून आलेली तेवढी एकच. कथा घडते २०२० सालच्या ठाण्यात. आमच्या सोसायटीला यंदा पन्नास वर्षं होताहेत, स्मरणिकेत ती कथा घ्यायची असं ठरलंय. कपाटातून अंक काढून वाचला आणि लाजच वाटली. एक गोष्ट खरी झाली असेल तर शपथ! नववीतली नात खो खो हसली. म्हणाली, ‘आजोबा, यात मोबाइलच नाहीये!’ सेक्रेटरी म्हणतात, ‘काका, एआयला टाकतो, दोन मिनिटांत अपडेट करून देईल.’ सौ. म्हणते, आहे तशी छापा. काय करू? आणि आम्हा विज्ञानकथावाल्यांचं भविष्य इतकं कसं चुकतं? कथेची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

काका, नमस्कार.

झेरॉक्स दोनदा वाचली. सल्ला आधीच देऊन टाकते, उगाच नमनाला घडाभर तेल नको: कथेतला एक शब्दही बदलू नका. मुद्रणदोष तेवढे सुधारा. ‘यंत्रमानवा’चं एके ठिकाणी ‘मंत्रमानव’ झालंय. दुसऱ्या वाचनात मात्र वाटलं, तेही राहू द्यावं.

बाकी वाचकांना कथा ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. दिगंबर नौपाड्यातल्या चाळीत राहतो. सकाळी गणू नावाचा यंत्रमानव चहा देतो, सौ. डबा भरते, आणि गावदेवी मैदानावरून आठ बाराची निळी उडती बस दीड मिनिटात त्याला वागळे इस्टेटच्या गेटवर उतरवते. सव्वाआठला भोंगा होतो. दिगंबरला चंद्रावरच्या खाणीत बदली हवी आहे. त्यासाठी दिल्लीच्या साहेबांशी ‘चित्रफोन’वर बोलायचं, आणि चित्रफोन असतो फक्त तार ऑफिसात. तिथे ही रांग! नंबर लागेपर्यंत साहेब जेवायला निघून गेलेले. बदली हुकते, आणि दिगंबर शेंगदाण्याची पुडी घेऊन तलावपाळीला येऊन बसतो.

सेक्रेटरींच्या सूचनेचा मी प्रयोग करून पाहिला. पहिली दोन पानं टाइप करून एआयला दिली, म्हटलं, आजच्या काळाला धरून लिही. त्याने दिगंबरच्या हातात स्मार्टफोन दिला. साहेबांना व्हिडिओ कॉल लागला, बदली मंजूर, दुसऱ्या पानावर दिगंबर चंद्रावर पोचलासुद्धा. कथा खलास. सौ.ला शास्त्रज्ञ केलं होतं, पण डबा तीच भरत होती.

तुमची कथा रांगेवर उभी आहे हो. आणि ती रांग काही तुम्ही कल्पनेतून आणलेली नाही. १९८६ ला घरी फोन हवा तर अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघायची, परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून ताटकळायचं. (आमच्या मजल्यावर एकच फोन होता, आणि तो ज्यांच्याकडे होता त्या काकूंना सगळ्या घरांतलं सगळं माहीत असे.) आपल्या देशात मोबाइलवरचा पहिला फोन झाला ३१ जुलै १९९५ ला, म्हणजे तुमच्या कथेनंतर नऊ वर्षांनी. तारसेवा बंद झाली जुलै २०१३ मध्ये. तार ऑफिसातल्या बाकावर बसून तुम्हाला फोनला पडदा लागलेला दिसला, हेच खूप झालं. बाकच नसेल, ऑफिसच नसेल, हे तिथे बसून दिसणं कठीण.

माझ्या मते चुकण्याची मुख्य जागा हीच. लिहिणारा एक वस्तू उचलतो, पन्नास वर्षं पुढे नेऊन ठेवतो, आणि तिच्या अवतीभवतीचं घर, ऑफिस, पगार, सासू-सून, सगळं आहे तिथेच राहून जातं. मोठमोठ्यांचंही असंच झालंय. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात एक अधिकारी अंतराळ स्थानकावरून आपल्या छोट्या मुलीला व्हिडिओ कॉल लावतो. कुठून, तर बूथमधून! बिल येतं १ डॉलर ७० सेंट. ज्या यानातून तो तिथे आलेला असतो, त्यावर पॅन ॲम या विमान कंपनीचं नाव असतं. पॅन ॲम १९९१ मध्येच बंद पडली. चंद्रावरची वसाहत त्या मंडळींना कल्पिता आली, विमान कंपनीचं दिवाळं नाही आलं.

बरं, चित्रफोन ही नुसती कल्पना होती असंही नाही. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ मांडला होता, १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची सेवाही सुरू केली. चालला नाही. महाग तर होताच, शिवाय आपण घेतला तरी समोरच्याकडे नको का? तो चालला केव्हा, तर तुमच्याच २०२० मध्ये. मार्चमध्ये लोकल थांबल्या, शाळांना कुलपं लागली, आणि तुमची नात, तेव्हा तिसरीत असेल, पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून डायनिंग टेबलावर शाळेत बसली असेल. आमच्याकडे तरी तांब्याच होता. चित्रफोनचं साल तुम्ही अचूक सांगितलंत काका! फक्त तो सुसाट बस आली म्हणून आला नाही, सगळ्या बस बंद पडल्या म्हणून आला.

आता ती बस. तुम्ही टूल रूमचे, तेव्हा आलेख तुम्हाला सांगायला नको. १९०३ मध्ये राइट बंधूंचं विमान पहिल्या उड्डाणात बारा सेकंद हवेत राहिलं. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. मध्ये अवघी ६६ वर्षं. बैलगाडीत जन्मलेल्या माणसाने म्हातारपणी रेडिओवर चंद्राची बातमी ऐकली. तुमची पिढी या चढणीवर वाढली, आणि तुम्ही सगळ्यांनी त्या रेषेला पट्टी लावून ती तशीच वर ओढली. मग त्या चित्रपटातल्यासारखं २००१ मध्ये गुरूकडे यान आणि २०२० मध्ये गावदेवीवरून उडती बस, हे गणित बरोबरच येतं. रेषा मात्र वाकली. डिसेंबर १९७२ नंतर चंद्रावर कोणी माणूस उतरलेला नाही. कॉनकॉर्ड हे आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान १९७६ मध्ये प्रवासी घेऊन उडू लागलं आणि २००३ मध्ये निवृत्तही झालं. आजचं प्रवासी विमान साठच्या दशकातल्या जेटपेक्षा काही वेगाने जात नाही. तंत्र विसरलो म्हणून असं झालेलं नाही. वेग वाढवला की इंधन फार चढत्या दराने जळतं, आणि तिकीट काढणारा माणूस शेवटी पाकीट चाचपतो.

उडती बस तर खरं म्हणजे आहेच. तिला हेलिकॉप्टर म्हणतात. चाकावरची बस स्टॉपवर उभी असते तेव्हा तिचं ओझं रस्ता फुकट पेलतो. हवेतल्या बसला नुसतं एका जागी थांबायचं म्हटलं तरी सगळं वजन क्षणाक्षणाला स्वतःच्या इंधनावर तोलून धरावं लागतं. आणि मध्येच बंद पडली तर खाली गावदेवीचे भाजीवाले आहेत. त्यामुळे घोडबंदर रोडवर आज जे दिसतं ते दिसतं: मेट्रोचे खांब आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना आपण.

याच काळात दुसरी एक रेषा गुपचूप वर चढत होती, तिच्याकडे फार कोणाचं लक्ष नव्हतं. १९७१ च्या पहिल्या मायक्रोप्रोसेसर चिपवर साधारण २,३०० ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, विजेची चिमुकली बटणं) होते. आज चांगल्या फोनमधल्या चिपवर हजार कोटींहून जास्त असतात. विमान मोठं केलं की महाग होतं. ट्रान्झिस्टर जेवढा बारीक कराल तेवढा स्वस्त आणि चपळ. म्हणून जुन्या कथांमध्ये माणसं दूरच्या ग्रहावर जातात आणि तिथे खोलीएवढ्या संगणकासमोर उभी राहतात.

यातलं माझं आवडतं उदाहरण विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांचं आहे, आणि ते कथेतलं नाही, लेखातलं आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी एका ब्रिटिश रेडिओ मासिकात लिहिलं की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीच्याच चालीने फिरेल, खालून एका जागी स्थिर दिसेल, आणि अशा तिघांत जवळजवळ सगळ्या जगाला संदेश पोचवता येतील. तंतोतंत खरं झालं. वीस वर्षांच्या आत असा उपग्रह वर गेलासुद्धा. आमच्या वाशीत खिडकीच्या ग्रिलला लटकणारी प्रत्येक डिश त्याच कक्षेकडे तोंड करून असते. पण क्लार्कना वाटलं होतं की तिथे वर माणसं राहतील. तेव्हाच्या यंत्रांत व्हॉल्व्ह असत, ते बल्बसारखे जायचे, मग बदलायला कोणी नको? व्हॉल्व्हची जागा घेणारा ट्रान्झिस्टर जन्माला आला १९४७ च्या अखेरीस. आकाशाचं सगळं गणित बरोबर आलं, चुकला तो वायरमनचा हिशोब.

तेव्हा ‘आम्हा विज्ञानकथावाल्यांचं’ असं मान खाली घालून लिहू नका. ज्यूल व्हर्न यांनी १८६५ मध्ये तीन माणसं फ्लोरिडातून चंद्राकडे धाडली. पुढे अपोलोतही तिघं होते आणि निघाले फ्लोरिडातूनच. पण व्हर्ननी त्यांना धाडलं तोफेतून! बार उडताक्षणी आत तिघांचा लगदा झाला असता. तोफच का? तर अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं, आणि माणसाने केलेली सगळ्यात दांडगी वस्तू तेव्हा तोफ होती. जो तो आपल्या काळातल्या दांडग्या वस्तूत बसून चंद्रावर जातो. तुम्ही बस घेतलीत. मला त्यात दाराला लोंबकळणारा, सव्वाआठच्या आत गेट गाठायची धडपड करणारा एकतीस वर्षांचा माणूस दिसला. लेट मार्क किती बसले होते हो तेव्हा?

गणूबद्दल थोडंच. माझ्या बहिणीकडे एक गोल यंत्र आहे, घरभर फिरून केर काढतं. उंबरठा आला की थांबतं, चटईच्या दशा दिसल्या की त्यात गुरफटून केविलवाणं वाजत राहतं. बुद्धिबळात संगणकाने १९९७ मध्येच जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. पण मेथीची जुडी सोडून, पिवळं पान बाजूला काढून, कोवळा देठ ठेवून भाजी निवडणारा गणू अजून आमच्या सेक्टरात कोणाकडे आलेला नाही. आपल्याला जे डोक्याचं काम वाटतं ते यंत्राला सोपं गेलं, आणि जे ‘त्यात काय एवढं’ म्हणून आपण बायकांच्या पदरात टाकलं, तिथे त्याचं घोडं अडलं. हे १९८६ ला भल्याभल्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता घरचं सांगते. आमच्या घरची विज्ञानकथा म्हणजे नवी मुंबईचा आराखडा. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. वीस लाख वस्तीचा अंदाज होता, आणि राज्य सरकारचा मुख्य कारभार बेलापूरला हलेल अशी अपेक्षा. बाबा सरकारी नोकरीत. १९८४ ला त्यांनी वाशीत घर घेतलं आणि त्याच महिन्यात एक हिरवी सायकल घेतली, ऑफिस बेलापूरला आलं की जायला. कारभार मुंबईतच राहिला. बाबा रोज बसने खाडी ओलांडून मानखुर्द गाठायचे आणि पुढे लोकल. १९९२ मध्ये वाशीपर्यंत गाडी आली तेव्हा त्यांनी मजल्यावर पेढे वाटले. सायकल गॅलरीत उभी राहिली, तिच्या हँडलवर आई पापडाचं कापड वाळत घालायची.

आता त्याच ठाणे-बेलापूर रोडवर, जिथे रसायनांचे कारखाने होते, काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत मुलं परदेशातल्या घड्याळावर काम करतात. हे बाबांच्या स्वप्नातही नव्हतं. माझी लेक त्यातल्याच एका कंपनीत आहे. आठवड्यातले तीन दिवस ती घरून काम करते, बाबांच्या खोलीत, त्यांच्याच टेबलावर. बाबांना ऑफिस घराजवळ हवं होतं. ते आलं, पण दोन पिढ्या उशिरा, आणि भलत्याच दाराने. सायकल मी तीन वर्षांपूर्वी भंगारवाल्याला दिली, अजून चुटपुट लागते.

म्हणून तुमच्या कथेतली सगळ्यात मोठी चूक मला बस वाटत नाही. ती आहे भोंगा. तुम्ही बसला पंख लावलेत, चंद्रावर खाण खणलीत, पण सव्वाआठचा भोंगा तसाच वाजता ठेवलात. तो बंद होईल, गेटवर माणूस उरणार नाही, हे तुमच्या मनाला शिवलंही नाही. कसं शिवणार? रोज ऐकू येणारा आवाज आपण भविष्यातून वजा करत नाही. कथेनंतर बाराच वर्षांत तो थांबला, आणि पत्रात तुम्ही त्याला अर्धी ओळ दिलीत. वागळे इस्टेटमध्ये १९८६ साली सकाळी सव्वाआठला काय ऐकू यायचं, हे तुमच्या कथेत आहे. एआयने ते पहिल्याच फटक्यात पुसलं होतं.

दुसरी चूक सौ.ची. चौदा पानांत यंत्रमानवाला नाव आहे, बसला रंग आहे, तिला नावच नाही. आता लाजून ते भरू नका. १९८६ ला आपण बायकांना कथेतही सौ. म्हणत होतो, हे तुमच्या नातीला दिसू दे. (तसं पत्रातही तुम्ही सौ.च म्हणालात, आणि अख्ख्या पत्रात शहाणं मत तेवढं त्यांचंच आहे.)

जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस कथेला मिळालं पाहिजे, नावाला नव्हे, म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. तिच्यातली किती भाकितं खरी ठरली, असा हिशोब मांडत परीक्षक बसले नव्हते. विज्ञानकथा लिहिणारा म्हणजे कुडमुड्या जोशी नव्हे. त्याने ‘असं झालं तर?’ एवढंच विचारायचं असतं, आणि तुम्ही ते विचारलंत: उडती बस आली तरी रांग तशीच राहिली तर? या प्रश्नाचं काय चुकलंय? आज तिकिटाची रांग मोबाइलवर लावतात, ‘आपण प्रतीक्षा यादीत आहात’ म्हणून, तिथेही साहेब जेवायलाच गेलेले असतात.

नातीला हसू द्या. मोबाइल नाही हे तिने पहिल्या वाचनात पकडलं, म्हणजे तिने नीट वाचलंय. तिला एवढंच विचारा, दिगंबरकडे मोबाइल असता तर तो तलावपाळीला गेला असता का? उत्तर काहीही आलं तरी वाद घालू नका.

स्मरणिकेत शीर्षकाच्या खाली ‘दिवाळी १९८६’ हे ठळक टाकायला लावा, शेवटी बारीक अक्षरांत नको. सेक्रेटरींना सांगा, कथा नव्याने टाइप करण्यापेक्षा अंकाची पानंच स्कॅन करून छापा. त्याला कारण आहे. तुमच्या झेरॉक्समध्ये शेजारच्या पानाची अर्धी जाहिरात आलीये: ‘मराठी-इंग्रजी टायपिंग व शॉर्टहँड. उज्ज्वल भविष्यासाठी आजच प्रवेश घ्या.’ ती कापू देऊ नका.

आणि एक काम माझं. झेरॉक्सवाल्याने शेवटचं पान खालून कापलंय. दिगंबर पुडी सोडतो, दोन दाणे तोंडात टाकतो, वर बघतो, आणि तिथेच कागद संपतो. खालच्या तीन-चार ओळी तेवढ्या हाताने लिहून पाठवा.